झालं तर, झालं असतं तर

"माझ्याकडे पैसे असते तर मी तो फ्लॅट घेतला असता." मराठीत कोणी हे वाक्य बोललं, तर ऐकणारा मान हलवतो आणि गप्पा पुढे जातात. तेच इंग्रजीत सांगायला बसलं की मात्र इंग्रजी आधी विचारते, पैसे कधी नाहीत? आज, फ्लॅट अजून विकायला असताना नाहीत, की तो हातचा गेला त्या वेळी नव्हते? आजची गोष्ट असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय दॅट फ्लॅट'. तेव्हाची असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट फ्लॅट'. दोन्हींचं मराठी एकच. मराठी हा खुलासा 'आत्ता', 'तेव्हा', 'त्या वर्षी' अशा शब्दांवर नाहीतर बोलण्याच्या ओघावर सोडते. इंग्रजीत तो क्रियापदातच करावा लागतो, आणि त्यातून सुटका नाही.

पुढची पानं लिहिली गेली ती या अडचणीपायी. मराठी माध्यमातून शिकलेला, परीक्षेत इंग्रजीला बरे गुण मिळवलेला, आता ऑफिसात रोज इंग्रजी ईमेल लिहिणारा माणूस कर्ता-कर्म-क्रियापद नीट सांभाळतो, स्पेलिंग संगणक सांभाळतो, आणि 'इफ' आलं की तो अडखळतो. बरं, तर्क त्याचा पक्का असतो. मराठीत तो जर-तरच्या जोरावर भाऊबंदकीपासून निवडणुकीपर्यंत सगळ्याचा निकाल लावतो. अडतं ते एवढ्याचसाठी की आपल्याकडे इंग्रजी शिकवलं गेलं ते भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्या पद्धतीचे उपकार नाकारणारा मी नव्हे. अमक्या मराठी वाक्याचं तमकं इंग्रजी, हा हिशेब 'राम आंबा खातो'पुरता चोख चालतो. एका मराठी वाक्याची दोन इंग्रजी वाक्यं होऊ लागली की तो तुटतो. तिथे भाषांतर करण्याआधी आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते ठरवावं लागतं.

यावर शाळा आणि क्लासेसनी काढलेला तोडगा म्हणजे चार खणांचा तक्ता. झीरो कंडिशनल, फर्स्ट, सेकंड, थर्ड. थॉमसन आणि मार्टिनेट यांच्या 1960 सालच्या 'अ प्रॅक्टिकल इंग्लिश ग्रामर'मध्ये टाइप एक, दोन, तीन असे प्रकार आहेत, आणि या ना त्या रूपात तेच आकडे जगभरच्या वर्गांत फिरतात. तक्ता वाईट नाही. गाळलेल्या जागा भरायला तो पुरतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री धीर देतो. माझी तक्रार आकड्यांबद्दल आहे. 'सेकंड' या शब्दातून अर्थाबद्दल काहीही कळत नाही, आणि बोलताना कोणी मनात आकडे मोजत नाही. रेमंड मर्फी यांच्या 'इंग्लिश ग्रामर इन यूज'मध्ये धड्यांची नावं 'इफ आय डू', 'इफ आय डिड' अशी सरळ रूपांवरूनच दिलेली आहेत, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

शिवाय रोजच्या इंग्रजीतली कितीतरी वाक्यं या चारही खणांत मावत नाहीत. 'इफ ही सेड दॅट, ही लाइड.' तो तसं म्हणाला असेल तर खोटं बोलला. दोन्हीकडे साधा भूतकाळ, आणि तो खराखुरा, घडून गेलेल्या काळाचा. 'इफ शी लेफ्ट ॲट सिक्स, शी मस्ट बी इन सातारा बाय नाऊ.' हे कोणत्या खणात टाकणार? तक्ता पाठ असलेला विद्यार्थी अशा वाक्यापाशी गोंधळतो आणि बरोबर लिहिलेलं खोडून चूक लिहितो.

झीरो कंडिशनलवर मी फार वेळ घालवणार नाही. पाणी 100 अंशांना तापवलं तर उकळतं, बर्फ तापवला तर वितळतो, दोन्हीकडे वर्तमानकाळ, संपलं. एक गंमत मात्र सांगून ठेवतो. हे वाक्य नेहमी त्रिकालाबाधित सत्य म्हणून शिकवलं जातं, पण महाबळेश्वरला पाणी त्याच्या चार-पाच अंश आधीच उकळतं, कारण उंचीमुळे हवेचा दाब कमी. म्हणजे तिथे वाक्यात आणखी एक 'जर' घालावा लागेल. व्याकरणाला त्याचं सोयरसुतक नाही. बोलणारा ती गोष्ट नेहमीची म्हणून सांगतो आहे, एवढंच ते पाहतं.

बोलणारा त्या गोष्टीकडे कसा पाहतो, हेच इंग्रजी जर-तरचं मर्म आहे. इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणांनीही शेवटी तिथेच बोट ठेवलं. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 सालच्या बृहद्‌व्याकरणात अटी दोन जातींच्या मानल्या आहेत. काही खुल्या, काही निव्वळ कल्पनेतल्या. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज व्याकरणात दुसऱ्या जातीला 'रिमोट' म्हटलं आहे. मला हा शब्द पटतो. मराठीत मी त्यांना उघडी अट आणि दूरची अट म्हणतो. उघड्या अटीत बोलणारा कोणाची बाजू घेत नाही. तो येईलही, न येईलही. दूरच्या अटीत तो ती गोष्ट वास्तवापासून बाजूला धरतो. तसं नाही, तसं होईल असं वाटत नाही, किंवा तसं झालंच नाही, हे त्याला माहीत असतं, आणि तरीही त्याला त्याबद्दल बोलायचं असतं.

हे दूरपण दाखवायला इंग्रजीने वापरलं भूतकाळाचं रूप. 'इफ ही केम टुमॉरो.' शेजारी चक्क 'उद्या' आहे आणि क्रियापद भूतकाळी. मराठी विद्यार्थ्याला इथे पहिला धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. इथला 'केम' काल घडलेलं सांगत नाही. येण्याची शक्यता बोलणाऱ्याला लांबची वाटते, एवढंच तो सांगतो. इंग्रजी याच रूपाने माणसापासूनचं अंतरही दाखवते. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी' असं म्हणणारा आत्ताच, समोर उभा राहून मदत मागत असतो. भूतकाळ आहे तो अदबीसाठी. मागणी जरा लांब धरली की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.

याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदांची वेगळी रूपं होती. पुढच्या शतकांत प्रत्यय झिजले आणि ती रूपं साध्या भूतकाळी रूपांसारखीच दिसू लागली. 'बी' या एका क्रियापदात फरक टिकला, म्हणून 'इफ आय वर यू'. 'आय'पुढे 'वर' कसं, या वर्गातल्या सनातन प्रश्नाचं उत्तर हेच. बोलण्यात 'इफ आय वॉज रिच' सर्रास ऐकू येतं आणि त्यावरून कोणाला हसण्यात अर्थ नाही, पण लिहिताना 'वर' ठेवलेलं चांगलं. 'इफ आय वर यू' तर ठरूनच गेलेलं आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठी बोलणाऱ्याचे पाय कुठे अडकतात ते नीट पाहिलं, तर त्या चुका आळशीपणाच्या नाहीत हे दिसतं. प्रत्येक चुकीमागे मराठीचा एखादा नियम उभा असतो.

पहिली जागा 'तो आला तर मी जाईन' ही. 'आला' हे मराठीतही भूतकाळीच रूप, आणि गोष्ट उद्याची. म्हणजे काळाचं रूप काळ सोडून वापरायची युक्ती आपल्या घरातही आहे. फक्त आपण ती दुसऱ्या कामाला लावतो. 'आला तर'मध्ये येणं पुरं होईल आणि मग जाणं होईल, असा क्रम आहे. येण्याची शक्यता कमी की जास्त, यावर त्यात मत दिलेलं नाही. थोडक्यात, ही उघडी अट. विद्यार्थी 'आला'चं शब्दशः 'केम' करतो आणि 'इफ ही केम, आय विल गो' असं लिहितो. वाक्याचा पहिला तुकडा दूरचा झाला, दुसरा उघडाच राहिला. इंग्रजीला इथे साधा वर्तमानकाळ हवा, 'इफ ही कम्स, आय विल गो'. उलट ज्याच्या कानात हिंदीचं 'अगर वह आएगा' बसलेलं असतं, तो 'इफ ही विल कम' लिहितो. भविष्याची सूचना मुख्य वाक्यात एकदा झाली की 'इफ'च्या तुकड्यात ती पुन्हा नको, हा इंग्रजीचा साधा शिरस्ता आहे. 'इफ यू विल जस्ट वेट हिअर' असं आर्जवाने म्हणतात खरं. तिथलं 'विल' तयारी विचारतं, थांबायची कृपा कराल तर अशा अर्थाने. ही सूट लक्षात ठेवा, पण वापरायची घाई करू नका.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' दोन्ही बाजूंना 'असतं', 'असतो'. मराठी संकेतार्थ असा समतोल आहे. शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकडी घोकताना हे आपल्या लक्षातही आलेलं नसतं. हाच तोल इंग्रजीत नेला की 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम' तयार होतं. इंग्रजी संकेतार्थ दोन्हीकडे सारखा नाही. 'इफ'च्या बाजूला नुसतं मागे सरकलेलं क्रियापद, 'हॅड नोन'. 'वुड' फक्त परिणामाच्या बाजूला. अमेरिकेत बोलताना दोन्हीकडे 'वुड हॅव' ऐकू येतं हे खरं, पण छापील इंग्रजीत ते चूकच धरतात. माझ्या मते मराठी विद्यार्थ्याने सगळ्यात जास्त घोटून घ्यावी ती ही जागा, कारण इथे झालेली चूक कानाला खटकत नाही. मराठी कान तिला शाबासकीच देतो.

तिसरी जागा फ्लॅटच्या वाक्यातली, काळाची. तिथे नियम पाठ करण्यापेक्षा स्वतःला दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही गोष्ट मी दूर धरतो आहे का? धरत असेन तर ती आजची की गेलेली? आजची असेल तर क्रियापद एक पायरी मागे, गेलेली असेल तर दोन पायऱ्या मागे. आणि हे दोन प्रश्न वाक्याच्या दोन्ही तुकड्यांना वेगवेगळे विचारायचे. 'तेव्हा ती नोकरी धरली असती तर आज पुण्यात असतो.' अट गेलेली, परिणाम आजचा. म्हणून 'इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाऊ'. तक्त्यात याला 'मिक्स्ड' म्हणून परिशिष्टात ढकललेलं असतं, जणू काही दुर्मिळ प्राणी. माणसाच्या पश्चात्तापाचा नेहमीचा साचा खरं तर हाच आहे. चूक तेव्हाची, भोगतो आज.

आणखी एक फरक छोटा, पण मजेशीर. मराठीत 'जर' सहज गळतो, 'तर' गळत नाही. 'पाऊस आला तर जाऊ नकोस' हे पूर्ण वाक्य आहे, 'जर पाऊस आला, जाऊ नकोस' कानाला अपुरं वाटतं. इंग्रजीत नेमकं उलट. 'इफ' पाहिजेच, 'देन' बहुतेक वेळा नको. आपली मुलं प्रत्येक 'इफ'मागे 'देन' जोडतात ती या 'तर'च्या मायेने. आताशा एक्सेलच्या फॉर्म्युल्यांनी आणि प्रोग्रामिंगच्या 'इफ-देन-एल्स'ने त्या सवयीला खतपाणी घातलं आहे. व्याकरणाच्या दृष्टीने 'देन' चूक नाही, पण ईमेलच्या प्रत्येक वाक्यात आलं की तर्कशास्त्राचा पेपर वाचल्यासारखं वाटतं.

एवढं वाचून मराठी या बाबतीत इंग्रजीपेक्षा गरीब आहे अशी कोणाची समजूत झाली असेल, तर ती आत्ताच दूर करतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत एक जोडी प्रसिद्ध आहे. अर्नेस्ट ॲडम्स यांनी ती 1970 मध्ये मांडली. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि ली हार्वे ऑस्वाल्डला पकडलं गेलं. आता ही दोन वाक्यं पाहा. ऑस्वाल्डने केनेडींना मारलं नसेल, तर दुसऱ्या कोणीतरी मारलं. ऑस्वाल्डने केनेडींना मारलं नसतं, तर दुसऱ्या कोणीतरी मारलं असतं. पहिलं वाक्य कोणीही मान्य करेल, कारण केनेडी मारले गेले हे नक्की आहे. दुसरं मान्य करायचं तर मोठा कट होता असं मानावं लागेल. इंग्रजीत हा डोंगराएवढा फरक 'डिडन्ट' आणि 'हॅडन्ट' यांत लपलेला असतो आणि वर्गात तो समजावताना फळा भरतो. मराठी वाचकाला तो 'नसेल' आणि 'नसतं' ऐकताक्षणी कळतो. 'असेल' म्हणजे मला ठाऊक नाही, 'असतं' म्हणजे तसं नाही हे मला ठाऊक आहे. उघड्या आणि दूरच्या अटीतली रेघ मराठीने आपल्या क्रियापदात ठळक मारून ठेवली आहे. इंग्रजी शिकताना आपण ही पुंजी विसरून मोकळ्या हाताने वर्गात जातो, हे आपलं दुर्दैव.

भाषेत रूप नाही म्हणून विचारही नाही, असं म्हणण्याचा मोह विद्वानांनाही झाला आहे. 1981 मध्ये आल्फ्रेड ब्लूम यांनी असा दावा केला की चिनी भाषेत न घडलेल्या गोष्टींसाठी इंग्रजीसारखी खास रूपं नाहीत, म्हणून चिनी बोलणाऱ्यांना तसा विचार करणं जड जातं. दोनच वर्षांनी टेरी ऑ यांनी त्यांच्या चाचण्यांतल्या चिनी मजकुराच्या रचनेवर बोट ठेवलं. नीट, सहज चिनीत लिहिलेल्या गोष्टी दिल्यावर वाचकांना काही अडचण आली नाही. मराठी माणूस इंग्रजीत अडखळला की त्याच्या विचारशक्तीवर शंका घेणाऱ्या मंडळींनी हा वाद जरूर वाचावा.

शिवाय न घडलेल्या गोष्टींचा विचार ही तर महाराष्ट्राची जुनी हौस. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो असं आपण एकमेकांना बजावतो, आणि दुसऱ्या चहाला पुन्हा तोच विषय काढतो. जयंत नारळीकरांनी या हौसेची विज्ञानकथा केली, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिच्यात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. हीच कथा इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात घेतली गेली. म्हणजे पानिपतचं मराठी 'असतं तर' देशभरच्या मुलांनी इंग्रजीच्या तासाला वाचलं. इंग्रजी दूरच्या अटीचा सराव करायला यापेक्षा चांगला मजकूर मला माहीत नाही. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय काय झालं असतं, हे एक-एक करून इंग्रजीत लिहायचं. त्यातला कोणता परिणाम 1761 चा, कोणता आजचा, ते ठरवायचं. दिल्लीच्या तख्ताचं काय झालं असतं, हे दोन पायऱ्या मागे. मुंबईच्या रस्त्यांवर आज कोणत्या पाट्या असत्या, हे एक पायरी मागे. पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा या सरावातून काळाची जाण लवकर येते.

कल्पनेतली अट बाजूला ठेवून उघड्या अटीचं एक मोठं उदाहरण पाहायचं असेल, तर रडयार्ड किपलिंग यांची 'इफ' ही 1910 मध्ये पुस्तकात आलेली कविता आहेच. किपलिंग 1865 मध्ये मुंबईत जन्मले, त्यांचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. ही 32 ओळींची कविता म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने एकच वाक्य. अटींमागून अटी येत राहतात आणि मुख्य वाक्य थेट शेवटी उतरतं. तिची थोरवी कोणाला पटेल, कोणाला ती उपदेशाचा डोस वाटेल. मी त्या वादात पडत नाही. व्याकरणासाठी एवढंच पाहा की बहुतेक अटींत 'कॅन' आहे. तिथे 'कुड' घातलं असतं तर कवितेतल्या बापाचं मुलाशी बोलणं पार फिरलं असतं. तुला हे जमेल या आशेच्या जागी, तुला हे जमतं तर काय हवं होतं, असा टोमणा तयार झाला असता. एका क्रियापदाच्या एका पायरीने.

आता एक विचित्र जात. 'भूक लागली असेल तर डब्यात चिवडा आहे.' मग भूक लागली नसेल, तर चिवडा डब्यातून गायब होतो का? अशा वाक्यांकडे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1956 च्या एका व्याख्यानात लक्ष वेधलं. त्यांचं उदाहरण बिस्किटांचं होतं, म्हणून तज्ज्ञ आजही यांना बिस्किट कंडिशनल म्हणतात. इथे 'जर' चिवड्याला लागू नाही. मी हे तुला का सांगतो आहे, त्याला तो लागू आहे. इंग्रजी कार्यालयीन भाषा यावर उभी आहे. 'इफ यू नीड एनी हेल्प, माय एक्स्टेन्शन इज 214.' इथे 'माय एक्स्टेन्शन विल बी 214' असं लिहिणारे पुष्कळ भेटतात, कारण तक्त्याने त्यांना सांगितलेलं असतं की 'इफ'नंतर 'विल' आलंच पाहिजे. एक्स्टेन्शनचा नंबर तर कोणी फोन करो न करो, तोच असतो.

कार्यालयाचा विषय निघालाच आहे तर 'ल्यास'बद्दल बोललं पाहिजे. 'विलंब झाल्यास दंड आकारला जाईल', 'तक्रार असल्यास व्यवस्थापकाशी संपर्क साधावा'. बोलताना हे रूप फारसं कोणी वापरत नाही, पाटीवर आणि परिपत्रकात मात्र तेच चालतं. इंग्रजीतही तोंडी आणि लेखी असा हाच भेद आहे. 'शुड यू रिक्वायर असिस्टन्स' असं 'इफ' टाळून, क्रियापद पुढे आणून लिहिणं म्हणजे इंग्रजीतलं 'ल्यास'. दूरच्या गेलेल्या अटीतही हे करता येतं, 'हॅड आय नोन' म्हणजे 'इफ आय हॅड नोन'. आपल्याकडे अर्जांच्या इंग्रजीत ही रूपं फार लाडकी आहेत. माझं मत विचाराल तर शेजाऱ्याला लिहायच्या चिठ्ठीत ती घालू नयेत. मित्राला 'आपण आल्यास आनंद होईल' असं म्हटल्यासारखं ते होतं.

कायद्यात मात्र या रूपांची खरी कमाई दिसते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 31 सांकेतिक करारांचं आहे, म्हणजे पुढे एखादी घटना घडली किंवा न घडली तरच लागू होणारे करार. त्यात दिलेलं उदाहरण घराच्या आगीचं आहे. समोरच्याचं घर जळलं तर त्याला दहा हजार रुपये द्यायचे, असा करार. तिथल्या इंग्रजीत अट वर्तमानकाळात आहे, कारण कायदा शक्यतेचं वजन करत बसत नाही. घर जळण्याचा संभव कमी म्हणून तिथे दूरचं रूप घातलं, तर करार राहणार नाही, नुसती कल्पना उरेल. विम्याची पॉलिसी, भाडेकरार, नोकरीचं पत्र यांतली 'इफ'ची वाक्यं या नजरेने वाचायचा सराव प्रत्येकाने करावा. व्याकरणाच्या बाहेर फायदा होतो.

'अनलेस'वर तर वेगळं प्रकरणच आहे, कारण त्याचा घोळ मराठीने घालून दिलेला आहे. 'जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत प्रवेश नाही' यात दोन नकार आहेत. 'अनलेस'च्या पोटात त्यातला एक आधीच बसलेला आहे. 'अनलेस यू डोन्ट पे' असं लिहिलं की फी न भरणाऱ्याला प्रवेश मिळतो. 'इन केस'चंही तसंच. 'छत्री घे, पाऊस आला तर' यातला 'तर' खबरदारीचा आहे. पाऊस येवो न येवो, छत्री आत्ताच घ्यायची. इंग्रजीत याला 'इन केस इट रेन्स'. तिथे 'इफ इट रेन्स' लिहिलं तर पाऊस सुरू झाल्यावर छत्री घ्यायची, असं काहीसं वाटतं. आणि 'तर'ला एक ई जोडली की 'तरी'. 'पाऊस आला तरी मी जाईन' म्हणजे 'इव्हन इफ'. तेच 'पाऊस आला तरी मी गेलो' झालं की 'इव्हन दो'. मराठीत तोच 'तरी' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत शब्द बदलावा लागतो, कारण दुसऱ्या वाक्यात अट उरलेलीच नाही.

प्रकरणांचा क्रम मी नेहमीच्या व्याकरणांपेक्षा वेगळा ठेवला आहे. आधी उघडी अट तिच्या सगळ्या काळांसह, मग आजची दूरची, मग गेलेली, मग दोन तुकड्यांचे काळ वेगळे असणारी. 'अनलेस', 'प्रोव्हायडेड', 'ॲज लाँग ॲज', 'इन केस' ही मंडळी शेवटी. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी चार खणांचा तक्ताही दिला आहे. परीक्षक तोच विचारतात, त्याला इलाज नाही. स्वाध्यायांत मराठी वाक्यं जाणूनबुजून एकेकटी दिली आहेत, मागचा-पुढचा संदर्भ काढून, म्हणून बऱ्याच वाक्यांची दोन-दोन इंग्रजी वाक्यं बरोबर येतील. उत्तरांच्या पानांवर दोन्ही छापली आहेत आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या प्रसंगी लागू पडेल तेही लिहिलं आहे. एकच उत्तर लिहून पुढे सरकलात तर मागे येऊन दुसरंही लिहून पाहा.